दत्तारामच्या कानापाशी

मित्रांनो, मी एक जुना नादकाटा आहे. पोलादी, दोन पायांचा. मला ठोकलं की मी गुणगुणतो आणि डॉक्टर माणसाचे कान तपासतात. माझा सूर आजवर चुकलेला नाही, हे मी न लाजता सांगतो.

मरोळच्या कारखान्यांजवळ डॉक्टर सुलक्षणाबाईंच्या दवाखान्यात माझी हयात गेली. नोकरीला लागण्याआधी कामगार तिथे तपासणीला येत. बाईंनी 'लायक' असं लिहिलं तरच काम मिळे.

१९८५ साली दत्ताराम आला. गिरणीत सोळा वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस, संपापासून तीन वर्षं घरी बसलेला. वजन उतरलं होतं, झोप उडाली होती. पण दंड भक्कम होते आणि बाईंच्या प्रत्येक प्रश्नाला त्याचं उत्तर तयार होतं. मग बाईंनी मला ठोकून पाठीमागून त्याच्या कानापाशी धरलं. मी जीव तोडून गायलो. दत्ताराम ढिम्म! इतका वेळ तो बाईंचे ओठ वाचत होता, हे तेव्हा कळलं. मला फार वाईट वाटलं. माझ्यामुळे त्याची नोकरी जाणार होती.

"कान गेलेत तुमचे," बाई समोर येऊन म्हणाल्या. "कारखान्यात कोणी ओरडलं तर कळणार कसं?"

"बाई, तिथे कोणाच्या बापाला ऐकू येतं?" दत्ताराम म्हणाला. "गिरणीत आमी ओठांवरच बोलायचो. चला ना, दाखवतो."

बाई खरंच निघाल्या, मी त्यांच्या कोटाच्या खिशात. दत्तारामला जिथे काम मिळणार होतं, त्या पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या शेडमध्ये मला माझाच सूर ऐकू येईना. बाईंनी दत्तारामला पलीकडच्या टोकाला उभं केलं आणि इकडून नुसते ओठ हलवले, "शेजारच्या मशीनचं लाल बटण दाबा."

त्यांना खेटून उभ्या असलेल्या फोरमन मधुकरला काही कळलं नाही. तिकडे मशीन मात्र थांबली.

"आयला!" मधुकर म्हणाला.

बाईंनी तिथेच कागदावर लिहिलं, 'लायक. फोरमनच्या समोरची जागा द्यावी.' मग मधुकरला बजावलं, "आणि बाकीच्यांना कानात घालायला बोळे द्या. आजपासून."

आता दवाखान्यात नवं यंत्र आलंय. मी खणात पडून असतो, थोडा रुसलेला, पण सूर शाबूत आहे. मित्रांनो, कान जपा. आणि कोणी तुमच्या हाकेला ओ दिली नाही, तर त्याला निकामी ठरवू नका. आधी त्याच्या समोर जाऊन उभे राहा.