हिरड्याखालचे टपाल

करवंददऱ्याचे टपाल गेली अकरा वर्षे एका हिरड्याच्या झाडाखाली वाटले जात होते, आणि यात काही वावगे आहे असे त्या दऱ्यातल्या कोणालाही, खुद्द टपाल वाटणाऱ्या यशया भिंगारदिव्यालाही, कधी वाटले नव्हते.

नगर जिल्ह्यातल्या अकोल्याहून येणारी एस.टी. जिथे डांबर संपते तिथे थांबते. तिथून दीड किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी तो हिरडा आहे. त्याच्या वर उतारावर चार वाड्या पसरल्या आहेत: खालची वाडी, बोरमाळ, माची आणि अगदी कड्याला टेकलेली टाकेवाडी. खात्याच्या कागदावर यशयाच्या फेरीचे अंतर चौदा किलोमीटर होते. पहिली सतरा वर्षे त्याने ते इमानाने चालून काढले. वडील नेवाशाकडून इथल्या शाळेवर मास्तर म्हणून आले आणि इथेच राहिले. त्यांच्याकडून त्याला दोन गोष्टी मिळाल्या होत्या, खोटे न लिहिण्याची सवय आणि वाक्य शेवटापर्यंत नेण्याची हौस.

अकरा वर्षांमागे भाद्रपदात, माचीच्या ओहोळात शेवाळावरून त्याचा पाय घसरला आणि गुडघ्याची वाटी फुटली. माचीच्या कानिफनाथाने आणि आणखी तिघांनी घोंगडीची डोली करून त्याला खाली आणले, पण टपालाची थैली मात्र आधी कोरड्या जागी ठेवली, हे यशया कधी विसरला नाही. तीन महिन्यांनी तो काठी टेकीत कामावर आला, तेव्हा हिरड्याखाली चार वाड्यांची चार माणसे बसलेली होती.

"वर येयाचं न्हाई," कानिफनाथ म्हणाला. "आमचं टपाल आमी न्हेतो. आमचे पाय काय भाड्यानं दिल्यात?"

तेव्हापासून पाळ्या लागल्या. रोज प्रत्येक वाडीचे एक माणूस खाली येई आणि वाडीचे टपाल घेऊन वर जाई. टाकेवाडीचा गुरुवार रंगुबाईने स्वतःकडे घेतला. ती सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई. तिला स्वतःला वर्षाकाठी दोन पत्रेसुद्धा येत नसत. पण गुरुवार कधी चुकला नाही.

मागच्या वैशाखात खात्याने कामाच्या आढाव्याचा नमुना पाठवला. त्यात एक रकाना होता, 'प्रत्यक्ष चालावे लागणारे अंतर'. यशयाने क्षणभरही न थांबता लिहिले, तीन किलोमीटर. शेऱ्याच्या जागी मात्र तो थांबला. आभार मानण्याची संधी सरकारी नमुन्यात क्वचित मिळते; त्याने ती दवडली नाही. ग्रामस्थांनी आपल्या अधू गुडघ्याची कशी काळजी घेतली, पाळ्या कशा लावल्या, पावसाळ्यातही कसे कोणी चुकले नाही, हे त्याने बारीक अक्षरात, जागा संपल्यावर मागच्या बाजूला, सविस्तर लिहिले आणि समाधानाने सही केली.

दिवाळीनंतर उत्तर आले. करवंददऱ्याचे टपाल-वाटपाचे काम तीन किलोमीटरचेच असल्याने तेथील पद अतिरिक्त ठरत होते. ते रद्द करून वाटप नऊ किलोमीटरवरच्या शेजारच्या गावातील डाकपालाकडे जोडण्याचा प्रस्ताव होता. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. यशयाला निवृत्तीची पासष्टी गाठायला अजून सहा वर्षे होती.

राजूरच्या चहाच्या दुकानात त्याने तो कागद वाल्मिकपुढे ठेवला. वाल्मिक पलीकडच्या खोऱ्यातला टपालवाला आणि संघटनेचा तालुका सचिव. नगरच्या धरण्यात घोषणा देऊन त्याचा घसा अजून बसलेला होता. तिथे त्याने मागण्यांचे दोन फलक धरले होते, एक आठ तासांच्या कामाचा आणि एक निवृत्तिवेतनाचा. दोन्ही फलक आता त्याच्या घराच्या माळ्यावर होते.

वाल्मिकने कागद वाचला, मग यशयाच्या शेऱ्याची नक्कल वाचली आणि कप बाजूला सारला.

"यशयाभाऊ, हे आभाराचं पत्र लिहिलंत का स्वतःच्या बडतर्फीचा अर्ज?"

"जे होतं ते लिहिलं."

"तीन लिहा म्हणून कोणी सांगितलं हुतं?"

"मी तीनच चालतो, वाल्मिक."

"तुमी तीन चालता, पर रस्ता तर चौदाचा हाय ना! तो काय तुमचा गुडघा मोडला म्हणून आखडला?" वाल्मिकने आवाज खाली आणला. "ऐका. हरकत घ्या, मोजणी मागा. निरीक्षक येतील त्या दिवशी कोणालाबी खाली येऊ देऊ नका. एका दिवसाचा प्रश्न हाय."

"अकरा वर्षं त्यांनी माझ्यावर उपकार केला आणि मी तो पाहुण्यापासून लपवून ठेवायचा? चोरीचा माल आहे का तो?"

"मंग बसा उपकार कुरवाळीत," वाल्मिक म्हणाला. पण हरकतीचा अर्ज त्यानेच टाईप करून दिला आणि चहाचे पैसेही त्यानेच दिले.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी निरीक्षक आल्या. राजेश्वरी मॅडम पस्तिशीच्या, मोजके बोलणाऱ्या. पायात चांगले बूट आणि हातात अंतर मोजणारा मोबाईल. एस.टी.तून उतरताच त्यांनी वेळ टिपली. यशयाने गुडघ्याला पट्टा बांधला होता. सकाळी तो बांधताना बायको फिलोमिना म्हणाली होती, "हरलात तरी चालंल, पण चिडू नका. चिडलात की तुम्ही फार लांब बोलता."

हिरडा दिसला आणि यशया जागीच थांबला. झाडाखाली चार माणसे नव्हती. चारी वाड्या होत्या. साठ-सत्तर माणसे, कडेवर पोरे, भाताच्या खळ्यावरून तशाच उठून आलेल्या बाया. निरीक्षक येणार ही बातमी वर पोहोचली होती, कशासाठी येणार ते मात्र यशयाने कोणाला सांगितले नव्हते. पोस्टमनची चौकशी आहे म्हटल्यावर त्याच्या बाजूने उभे राहायचे, एवढेच लोकांना उमगले होते.

"मॅडम," कानिफनाथ पुढे झाला, "आमची यशयाभाऊंबद्दल काय म्हंजे काय तक्रार न्हाई. रोज हितं टायमावर टपाल मिळतं. लिवून घ्या."

मॅडमनी मोबाईलकडे पाहिले. "बसपासून दीड किलोमीटर. जाऊन-येऊन तीन," त्या म्हणाल्या. आवाजात कठोरपणा नव्हता, आणि त्यामुळेच यशयाला ते अधिक लागले. "भिंगारदिवे, टपाल द्या. लोक खोळंबलेत."

थैलीत तेरा नग होते. काही पत्त्यांवर जिल्ह्याचे जुने नाव होते, काहींवर नवे. यशयाने टाकेवाडीचे तीन बाहेर काढले. रंगुबाईने नेहमीप्रमाणे कापडी पिशवीचे तोंड उघडून धरले. त्याचा हात पुढे गेला, आणि मागे आला.

"दे की रं," ती म्हणाली. "मला खळ्यावर जायाचंय."

"आज नाही देता येत, मावशी."

रंगुबाईची पिशवी तशीच उघडी राहिली.

"का? मी काय केलं?"

"आरं वा!" कानिफनाथ भडकला. "अकरा वर्षं आमचे हात चालले, आन् आज मॅडमपुढं आमी चोर झालो व्हय?"

"भिंगारदिवे," मॅडम म्हणाल्या, "ही माणसं तुमच्या ओळखीची आहेत. अडचण काय आहे?"

यशयाला फिलोमिनाचे शब्द आठवले, पण वाक्य सुरू झाले होते आणि ते शेवटापर्यंत नेण्यावाचून त्याला इलाज नव्हता.

"अडचण ही आहे, मॅडम, की मी नमुन्यात खरे लिहिले, पण अर्धेच. मी तीन किलोमीटर चालतो हे खरे. पण टपाल तीन किलोमीटर चालत नाही. ते आजही चौदाच चालते, अगदी टाकेवाडीच्या शेवटच्या उंबऱ्यापर्यंत. तीन माझ्या पायांनी आणि बाकीचे यांच्या. तुमच्या नमुन्यात माझ्या पायांना रकाना आहे, यांच्या पायांना नाही. म्हणून कागदावर असे दिसते की वरचा डोंगर नाहीच." तो लोकांकडे वळला. "तुम्ही खाली येता म्हणून माझे काम कमी आहे असे ठरले आहे. हे पद गेले, तर टपाल नऊ किलोमीटरवर येईल, आणि तिथे हिरडा नाही. हे मी तुम्हाला आधी सांगायला हवे होते. तुमच्या उपकाराचा तोटा झाला हे तुमच्या तोंडावर बोलायला माझी जीभ रेटली नाही. चूक माझी आहे."

कानिफनाथाने कपाळावर हात मारला.

"म्हंजे आमी खाली आलो हेच चुकलं?"

"आज तरी."

"मंग उभे काय ऱ्हायलात!" तो मागे वळून ओरडला. "चला घरी! ज्याच्या नावाचं टपाल त्यानं दारात बसायचं! पळा!"

आणि खरोखरच सगळी पळाली. बाया, पोरे, काठ्या टेकणारे म्हातारे, जवळच्या चढणीच्या वाटांनी करवंदीच्या जाळ्यांतून वर निघाले, आणि दोन मिनिटांत हिरड्याखाली तीनच माणसे उरली. मॅडम पहिल्यांदाच हसल्या. हसू आवरायला त्यांना पाठ फिरवावी लागली. तिसरी होती रंगुबाई.

"मला काय पळता येत न्हाई," ती पिशवी घडी घालून कनवटीला खोचत म्हणाली. "तुमी माज्या मागं मागं या. पर माज्याआधी घरी पोचू नका, न्हाईतर दार लावल्यालं दिसंल आन् ह्यो माघारी न्हेईल टपाल. लई नेमाचा हाय मेला."

मॅडमनी मोबाईल पुन्हा सुरू केला. "चला. मोजू या."

खालच्या वाडीत पाच, बोरमाळात दोन, माचीत तीन. जो तो आपल्या दारात असा बसला होता, जणू सकाळपासून उठलाच नाही. फक्त सगळ्यांना धाप लागलेली होती. कानिफनाथाने मुलाचे आधार कार्ड दोन्ही हातांनी घेतले आणि गंभीरपणे विचारले, "आपण कोण म्हनायचं?" पोचेची सही घ्यायच्या मोबाईलला वर रेंज नव्हती, म्हणून यशयाने सह्या कागदावर घेतल्या, आणि मॅडमनी तेही टिपले.

माचीनंतर चढ उभा झाला. ओहोळाचा दगड आला, तोच, आता कोरडा. यशयाच्या गुडघ्यातून कळ निघत होती, पण त्याचे लक्ष तिकडे नव्हते. अकरा वर्षांत तो या दगडाच्या वर आलेला नव्हता. टाकेवाडी लांब आहे एवढे त्याला ठाऊक होते. किती लांब, याचा पायांना विसर पडला होता. पुढे रंगुबाई कमरेवर हात देऊन चढत होती, वीस पावलांवर थांबत होती, पुन्हा चढत होती. दर गुरुवारी ती हे चढत-उतरत आली होती, इतरांची पत्रे घेऊन, आणि हिरड्याखाली दर वेळी म्हणे, 'जवळच तर हाय.' यशयाला लाज वाटली, मग लाजेच्या जागी दुसरेच काही भरून आले, आणि त्याने मनातल्या मनात प्रभूचे आभार मानले, की ही वाट त्याला मरणापूर्वी पुन्हा एकदा चालायला मिळाली.

"मावशी, हे जवळ आहे?"

"तुला सांगितलं असतं, तर तू येऊ दिलं असतंस का मला?" ती मागे न पाहता म्हणाली.

टाकेवाडीच्या शेवटच्या दारात शेवटचे पाकीट दिले, ते त्या घरच्या मुलीचे, दिशाचे, संगमनेरच्या परिचारिका-विद्यालयाकडून आलेले. ती उंबऱ्यातच फोडून वाचू लागली आणि वाचता वाचता आईला हाका मारू लागली. मॅडम दगडावर बसून पाणी पीत होत्या. त्यांनी मोबाईल यशयाकडे वळवला. परतीची वाट धरून साडेचौदा किलोमीटर होत होते.

"अर्धा किलोमीटर जास्तच," त्या म्हणाल्या. "मी वचन देत नाही, भिंगारदिवे. माझ्या वर चार सह्या आहेत. पण माझा शेरा मी इथेच लिहिते." आणि यशयाच्याच हरकतीच्या अर्जाखाली, मराठीत, त्यांनी लिहिले: 'ग्रामस्थांनी दाखवलेल्या सौजन्यामुळे वाटपाचे अंतर कमी होत नाही, ते फक्त दुसऱ्यांकडून चालले जाते.' यशयाने ते दोनदा वाचले. त्यात एकही शब्द बदलावा असे त्याला वाटले नाही, आणि ही गोष्ट त्याच्या बाबतीत दुर्मिळ होती.

फाल्गुनात, बाळहिरडा वेचायचे दिवस सुरू असताना, आदेश आला. करवंददऱ्याचे पद पुढील आढाव्यापर्यंत कायम ठेवण्यात आले होते. हिरड्याखालच्या वाटपालाही ग्रामस्थांच्या लेखी संमतीने परवानगी होती. त्याच दिवशी वाल्मिकचा फोन आला. त्याच्या खोऱ्यातले एक पद मात्र गेले होते. तिथली पाच गावे आता त्याच्याकडे जोडली होती.

"तुमच्या आदेशाची नक्कल पाठवा," तो म्हणाला. त्याचा घसा पुन्हा बसलेला होता. "मीबी मोजणी मागतो. आन् नगरला येताय ना, सोमवारी? फलक माळ्यावरून काढलेत."

"येतो," यशया म्हणाला. "एक फलक माझ्याकडे दे. मजकूर मात्र मी तपासून घेईन."

तो गुरुवार नव्हता आणि टाकेवाडीचे टपालही नव्हते. तरी यशयाने पट्टा आवळला, हिरड्यापाशी आला आणि न थांबता पुढे निघाला. वर पोहोचायला त्याला दोन तास लागले. रंगुबाई अंगणात हिरडा वाळत घालीत होती. थैली रिकामी पाहून तिचा पारा चढला.

"टपाल न्हाई, काय न्हाई, मंग मोडका पाय घिऊन कशाला आलास?"

"आहे, मावशी," यशया उंबऱ्यावर बसत म्हणाला आणि खिशातून आदेशाचा घडी केलेला कागद काढला. "माझ्याच नावचं आहे. पण द्यायचं तुमच्या पत्त्यावर होतं."

तिने हात पदराला पुसले, पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला आणि समोर बसली.

"वाच," ती म्हणाली. "सगळं वाच. गाळू नको काय."