गुंडीच्या पोटात काही ठरेना

सासरे गेले आणि सासूबाईंनी अन्नाशी अबोला धरला. रडणं-भेकणं काही नाही. ताट पुढे ठेवलं की हाताच्या पाठीने ते हळूच सरकवायच्या आणि म्हणायच्या, "भूक मेली गं."

आमचं शिंप्याचं घर. पुढच्या खोलीत दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मधल्या दारात सासूबाईंची बसायची जागा. तिथे बसून त्यांनी जन्मभर हाताने काजं केली. सासरे गेल्यावर त्यांनी सुईही खाली ठेवली.

त्यांना परत जेवायला लावलं ते एका मांजरीने. माझ्या धाकट्या दिरांनी कुठूनसं एक करडं पिल्लू खिशात घालून आणलं होतं. कोटाच्या बटणाएवढं तोंड, म्हणून नाव पडलं गुंडी. एक दिवस तिने सरळ सासूबाईंच्या ताटात तोंड घातलं. मी ओरडणार, तेवढ्यात त्यांनी भाताची चार शितं बोटावर घेऊन तिच्यापुढे धरली. तिने ती चाटूनपुसून खाल्ली. पुढची चार शितं त्यांनी नकळत स्वतःच्या तोंडात टाकली. मी भिंतीआड उभी राहून श्वास रोखून बघत होते. तेव्हापासून तोच पायंडा पडला. एक घास गुंडीला, एक त्यांना.

"आई मांजरीच्या पंगतीला बसते," हे चिडवायचे.

"तुमच्यापेक्षा बरी. जेवताना गिऱ्हाइकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत नाही," सासूबाई म्हणायच्या.

घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं होतं. आणि अशात गुंडीने एके सकाळी खाल्लेलं सगळं ओकून टाकलं.

पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. मांजरं ओकतातच. दुसऱ्या दिवशी ती दिरांनी नुकत्याच कापलेल्या अस्तरावर ओकली.

"वहिनी, या बघा! हिने भरतकाम केलंय, फुकटात!"

तिसऱ्यांदा मात्र कुणी हसलं नाही. मग रोजचंच झालं. गिळलेला घास जसाच्या तसा बाहेर यायचा, मासळीचा तुकडा न् तुकडा वेगळा दिसायचा. पुढे पुढे नुसता पिवळा फेस. समोरचा इस्त्रीवाला म्हणाला, पोटात केसांचा गोळा असेल, चमचाभर तेल पाजा. दूधवाली म्हणाली, दूध बंद करा. तिचं दूध असून ती असं म्हणाली, म्हणून मी लगेच ऐकलं. मी दूध थांबवलं, मासळी थांबवली, उकडलेलं अंडं बोटांनी कुस्करून दिलं, वाटी बदलली. काही उपयोग नाही. खाऊन झालं की गुंडी मान लांब करून बसायची, पोट भात्यासारखं हलायला लागायचं आणि मग तो आवाज. तो आला की हे मशीनच्या पायडलवरचा पाय उचलायचे आणि दुकानात एकदम शांत व्हायचं. इतकी वर्षं झाली, पण तसा आवाज कुठे ऐकला तर अजून माझ्या हातातलं काम थांबतं.

कारण सासूबाई म्हणाल्या होत्या, "तिच्या पोटात ठरलं की मग मला वाढ."

आधी त्या ताट पुढ्यात घेऊन वाट बघत बसायच्या. गुंडी ओकली की हात धुवून उठायच्या. पुढे त्यांनी ताट मागणंच सोडलं. त्यांचे कपडे मी शिवणीतून आत घेत होते. आज घेतले की थोड्या दिवसांत पुन्हा सैल. उठताना चौकट धरावी लागायची.

"आई, मांजर आहे हो ते," मी शेवटी काकुळतीला येऊन म्हटलं.

"आणि मी कोण आहे?"

"तुम्ही माझ्या सासूबाई."

"मग सासूला शिकवू नकोस."

दिरांनी एक युक्ती केली. आनंदाने नाचत आत आले, "आई, आज ठरलं गं तिच्या पोटात! चल, जेवायला बस!" त्यांचं बोलणं संपायच्या आत मशीनखालून तो आवाज आला. दीर फडकं घेऊन खाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. डोळे पुसत होते की फरशी, कुणास ठाऊक.

जनावरांचे डॉक्टर आमच्या रस्त्याच्या टोकाला होते. गाई आणि घोडे बघणारे थोराड हातांचे गृहस्थ. मी गुंडीला टोपलीत घालून नेलं. तिने त्यांच्या मनगटावर असा ओरखडा काढला की तोंड उघडून बघायचं राहूनच गेलं. त्यांनी पुडी दिली आणि म्हणाले, "पाण्यात कालवून घाला घशात. तुम्हाला जमलं तर!"

घरी आल्यावर ह्यांनी तिला कोटाच्या जाड कापडात घट्ट गुंडाळली. दिरांनी पाय धरले, ह्यांनी जबडा उघडला, मी चमचा घेऊन वाकले.

"थांब," हे म्हणाले. "हिच्या जिभेखाली दोरा आहे."

खरंच होता. जिभेच्या मुळाला वेढा घालून घशात उतरलेला, आणि बोटाच्या पेराएवढं टोक बाहेर लोंबणारं. कच्च्या टाक्याचा पांढरा दोरा. शिवण पक्की झाली की आम्ही तो उसवून टाकतो आणि तो दिवसभर पायांखाली लोळत असतो. कुणी टाकला ते विचारण्यात अर्थ नव्हता; आमच्या घरात जमिनीवर दोरा नाही अशी जागाच नव्हती.

"सापडला चोर!" दीर ओरडले.

ह्यांची दोन बोटं त्या टोकाकडे गेलीसुद्धा. शिंप्याला कोटावर लोंबता दोरा दिसला की त्याला विचार करावा लागत नाही, हात आपोआप जातो. माझाही गेला असता. त्यांनी टोक चिमटीत धरलं.

"ओढू नकोस!"

कित्येक दिवस ज्यांचा आवाज दुसऱ्या खोलीत पोचत नव्हता, त्या सासूबाई ओरडल्या. पडद्याआड कोट घालून बघणारं गिऱ्हाईक एक बाही घातलेली, एक लोंबती, तसंच बाहेर आलं. भिंतीला धरून धरून त्या टेबलापाशी आल्या.

"दुसरं टोक कुठंय?"

"पोटात असेल की, आई."

"मोकळं आहे का अडकलंय?"

ह्यांनी गुंडीच्या तोंडात पुन्हा डोकावून पाहिलं.

"धावदोरा घातला, एका टोकाला गाठ मारली आणि दुसरं टोक ओढलं, तर काय होतं रे?"

"चुण्या पडतात," हे म्हणाले, आणि तोंडातून शब्द गेल्यावर त्यांना कळलं. चिमूट सुटली.

"आतडं आहे ते. फ्रॉकचा घेर नाही," सासूबाई म्हणाल्या आणि टेबलाच्या कडेला टेकून धापा टाकायला लागल्या.

मी गुंडीला तशीच गुंडाळलेली उचलून पळत सुटले. सासूबाई घरी थांबायला तयार होईनात. दिरांनी त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि एका हाताने त्यांना सावरत, दुसऱ्याने सायकल ढकलत ते माझ्यामागे आले.

डॉक्टरांनी या वेळी जीभ वर करून नीट पाहिलं. "ओढला नाहीत ना?"

"नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "ओढला असता तर आतडं चिरलं असतं. आत्ता काय झालंय तेही मी सांगू शकत नाही. खरं तर पोट उघडायला हवं. पण माझी हत्यारं गाईच्या पोटाची. मी उघडलं तर ही टेबलावरून उठायची नाही, आणि मोठ्या दवाखान्यापर्यंत ही टिकायची नाही."

"मग?" मी विचारलं.

"जिभेखालचा वेढा कापतो. सुटला दोरा तर जाईल पुढे. नाही सुटला तर माझ्या हातात काही नाही. मांजर कुणाची?"

"माझी," सासूबाई म्हणाल्या. "कापा."

कात्रीचा अगदी बारीक आवाज झाला. मी आयुष्यभर कात्रीचे आवाज ऐकले, पण तेवढा भयंकर दुसरा नाही.

घरी आल्यावर फक्त वाट बघणं उरलं. गुंडी टोपलीत डोळे मिटून पडलेली, शेजारी भिंतीला टेकून सासूबाई, त्यांचेही डोळे मिटलेले. दोघींच्या पोटांकडे मी आळीपाळीने बघायची, वरखाली होतंय ना म्हणून. ह्यांनी एकच शिवण घातली, उसवली, पुन्हा घातली. संध्याकाळी गुंडी पुन्हा ओकली. नुसतं पाणी. सासूबाईंनी डोळे उघडले, पाहिलं, मिटले. मला वाटलं, आता दोघी मिळूनच जाणार. चुलीपुढे बसून मी ज्यांना कधी हात जोडले नव्हते त्यांनाही जोडले.

सकाळी दिरांनी हाक मारली, "वहिनी, दोरा! मागून येतोय!"

ह्यांनी धावत येऊन पाहिलं आणि दोन्ही हात पँटच्या खिशांत खुपसले.

"तिथेच राहू देत," सासूबाई म्हणाल्या.

दोरा आपल्या गतीने आला. दुपारी गुंडीच्या राखेच्या खोक्यात पडला तेव्हा काळा झाला होता. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी गुंडीला चमचाभर मासळीचं पाणी दिलं. थांबले. पोट हललं नाही. दुसरा चमचा. तिने मिशा चाटल्या, अंगाचं मुटकुळं केलं आणि झोपली.

"मांजरीचं झालं," सासूबाई म्हणाल्या. "सासूचं कुणी बघणार आहे की नाही या घरात?"

मी रडत रडत भात वाढला. त्या इतक्या भराभर जेवल्या की मला थांब म्हणायला धीर होईना. आणि घासभर राहिलं असताना त्यांनी हात तोंडावर नेला आणि सगळं बाहेर आलं.

"आई!" ह्यांचा आवाज फुटला.

"ओरडू नकोस. रिकामं पोट आहे, दचकलं," त्या म्हणाल्या, पण चेहरा पांढराफटक झाला होता.

मी त्यांचं तोंड पुसलं, जमीन पुसली. मग गुंडीची तीच वाटी, तोच चमचा धुवून आणला. भाताचं पाणी घेऊन एक चमचा त्यांच्या तोंडात घातला आणि समोर बसले. दुसऱ्या चमच्याची घाई केली नाही. हे आणि दीर दारात उभे. सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत होतो.

संध्याकाळपर्यंत काही वर आलं नाही.