एकतिसाव्या पानावरचं वाक्य

बस स्थानकावर तिला सगळे सूचनाबाई म्हणत. सोळा वर्षं काचेच्या खोपटात बसून ती गाड्यांच्या वेळा आणि फलाट पुकारत होती. तिचा आवाज गावातल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेला, पण चेहरा ओळखणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दोन गाड्यांच्या मधे जो वेळ मिळे, त्यात ती जुन्या वेळापत्रकांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर नाटकं लिहायची.

आसपासच्या पाच गावांतल्या नाटककारांचं एक मंडळ होतं. चष्म्याच्या दुकानावरच्या माडीवर त्यांची बैठक भरे. मंडळात एक दातांचे डॉक्टर होते, लाँड्रीवाल्या काकू होत्या, दोन-तीन शिक्षक होते आणि या सगळ्यांचे कान धरायला मास्तर होते. मास्तरांनी उभं आयुष्य शाळेत भूगोल शिकवला आणि उरलेला जीव नाटकाला वाहिला. दरवर्षी आलेल्या संहितांमधून एक नवं नाटक निवडायचं, लोकांसमोर त्याचं वाचन करायचं, चर्चा करायची, लेखकाला पुन्हा लिहायला बसवायचं आणि मग नाट्यगृहात त्याचे तीन प्रयोग लावायचे, असा त्यांचा शिरस्ता. नियम एकच आणि तो कडक. वाचन चालू असताना लेखकाने शेवटच्या रांगेत बसायचं, तोंडातून ब्र काढायचा नाही.

"प्रयोगाला प्रत्येक प्रेक्षकाच्या शेजारी बसून समजावणार आहात का?" मास्तर विचारत. "मग आत्तापासून गप्प बसायला शिका."

नऊ वर्षांत सूचनाबाईची सात नाटकं साभार परत आली होती. आठवं निवडलं गेलं.

लाँड्रीवाल्या काकूंनी ही बातमी सांगितली तेव्हा ती खोपटातच रडली, आणि सव्वा दहाची गाडी तिने नाक ओढत पुकारली. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला.

"अगं बारके, तुझं नाटक निवडलं म्हणे! मला लाँड्रीत कळलं, तुझ्याकडून नाही. रविवारी वाचनाला मी आणि पोरगी, आम्ही दोघी येणार, पहिल्या रांगेत. तुझा दादा असता तर दहा जणांना ओढून घेऊन आला असता."

"हो," सूचनाबाई म्हणाली. फोन ठेवून तिने संहितेचं एकतिसावं पान उघडलं.

कारण नाटक दादाचंच होतं.

तिचा दादा मोठमोठे फलक रंगवायचा. चार वर्षांपूर्वी एका सकाळी तो परांचीवर चढला, कमरेचा पट्टा बांधला नाही, आणि तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली आला. वीस वर्षांत तो पट्टा बांधायला कधी विसरला नव्हता. त्या दिवशीच का, हे कोणाला कळलं नाही. कळलं ते फक्त सूचनाबाईला. दादा गेल्यावर आठवड्याभराने वहिनीने तिला मोरीच्या दारात गाठलं, नळ मोठा सोडला आणि पाण्याच्या आवाजात सांगितलं, "सकाळी आमचं भांडण झालं होतं. मी त्याला म्हटलं, आज घरी आला नाहीस तरी चालेल." मग तिचे दोन्ही हात घट्ट धरून म्हणाली, "लेकीला कधी कळता कामा नये. तुझ्याजवळच राहू दे."

"माझ्याजवळच राहील," सूचनाबाई म्हणाली होती, आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं. तीन वर्षं ते तिच्याजवळच राहिलंही. मग एका दुपारी दोन गाड्यांच्या मधे तिने ते एका वेळापत्रकाच्या पाठीवर उतरवलं, आणि बघता बघता त्याच्याभोवती अख्खं नाटक उभं राहिलं. आपण फलकवाल्याचा गवंडी करू, मुलीचा मुलगा करू, असं ती स्वतःला बजावत राहिली. केलं मात्र काहीच नाही. गवंडी केला की नाटक मरायचं.

ती धावत मास्तरांकडे गेली. "मास्तर, एकतिसाव्या पानावरचं ते वाक्य काढायचंय."

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "काढ की. काढ आणि मग नाटक उरतं का ते बघ. सगळी इमारत त्या एका विटेवर उभी आहे. का काढायचंय?"

तिला सांगता येईना. सांगायचं म्हणजे दुसऱ्यांदा तेच करायचं.

तो आठवडा तिला खायला उठला. तिने त्या वाक्याच्या जागी बावीस वाक्यं लिहून पाहिली. भांडण साखरेवरून करून पाहिलं, शेजाऱ्यांवरून करून पाहिलं, बायकोला मुकं ठेवून पाहिलं. प्रत्येक वाक्य खोट्या दातासारखं हलत होतं. गुरुवारी तिने सहा नंबरच्या फलाटावरची गाडी दोन नंबरवर पुकारली. पेट्या, पिशव्या, पोरंबाळं घेऊन चाळीस माणसं धापा टाकत दोन नंबरवर गेली आणि तिथून त्यांनी आपली गाडी सुटताना पाहिली. स्थानकप्रमुख खोपटाच्या दारात उभे राहिले.

"सूचनाबाई, सोळा वर्षांत पहिल्यांदा लोकांनी तुमच्याकडे लक्ष दिलं, आणि तुम्ही हे केलंत?"

शनिवारी दुपारी ती मनाचा हिय्या करून वहिनीच्या घरी गेली. वहिनी घरीच कपडे दुरुस्त करायची. यंत्रासमोर बसून ती लेकीच्या निळ्या झग्याची खालची दुमड सोडत होती.

"बघ ना, सहा महिन्यांत चार बोटं वाढली," ती म्हणाली. "उद्या हाच घालायचाय तिला. आत्याचं नाटक म्हणून शाळेत सगळ्यांना सांगून बसलीये."

"वहिनी, तुम्ही नका येऊ उद्या."

यंत्र थांबलं. "का गं?"

सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. वहिनी तोंडात टाचणी धरून तिच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर चार वर्षांत न दिसलेला उत्साह होता.

"कंटाळवाणं आहे," सूचनाबाई म्हणाली. "दोन तास नुसतं वाचन. पाठ दुखेल तुमची."

वहिनी हसली. "रोज आठ तास या यंत्रावर वाकून बसते मी. माझ्या पाठीची काळजी तू करू नकोस. आधी चहा घे."

तिने चहा घेतला आणि ती परत आली.

रविवारी अकरा वाजता माडी भरून गेली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून खालच्या दुकानातली स्टुलं वर आली. पहिल्या रांगेत मधोमध वहिनी आणि निळ्या झग्यातली पुतणी. शेवटच्या रांगेत, खिडकीजवळ, सूचनाबाई. बायकोची भूमिका लाँड्रीवाल्या काकूंची मोठी सून वाचत होती. तिचा आवाज चांगला होता, आणि तेच वाईट होतं.

पहिली दहा पानं लोक हसले. वहिनीही हसली. मग नाटकातला नवरा फलक रंगवतो हे आलं, आणि वहिनीचं हसणं थांबलं. तिने एकदा मागे वळून पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, नुसता प्रश्न होता. सूचनाबाईने नजर खाली घातली.

अठ्ठाविसावं पान उलटलं. एकोणतिसावं. उठावं, ओरडावं, संहिता हिसकावून घ्यावी. ती अर्धवट उठलीही. समोरून मास्तरांनी नुसतं बोट ओठांवर ठेवलं, आणि ती बसली. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला सांगत राहिली की नियम होता म्हणून मी बसले. ते खरं नव्हतं. ते वाक्य भरल्या माडीत कसं ऐकू येतं, हे तिला ऐकायचं होतं. आपलं लिहिलेलं असं ऐकू यावं, याची ती नऊ वर्षं वाट बघत होती.

"आज घरी आला नाहीस तरी चालेल," सुनेने वाचलं.

कोणीतरी श्वास आत ओढला. पहिल्या रांगेत वहिनीची पाठ ताठ झाली, एकदम ताठ, आणि तशीच ती उठली. लेकीच्या कानात काहीतरी म्हणाली. लेकीने मान हलवली: नाही. वहिनीने पुन्हा सांगितलं. मुलगी जागची हलली नाही. मग वहिनी एकटीच, कोणाच्याही पायाला धक्का न लावता, रांगेतून बाहेर पडली आणि जिना उतरून गेली.

वाचन संपलं तेव्हा टाळ्या थांबेनात. दातांचे डॉक्टर डोळे पुसत होते. "ते वाक्य," ते म्हणाले, "ते कुठून सुचतं माणसाला!" मास्तर म्हणाले, या मंडळाने इतक्या वर्षांत ज्याची वाट पाहिली ते हेच. आता लेखिकेने पुढे यावं, लोकांना काही विचारायचं असेल तर विचारावं.

ती पुढे गेली. पहिला हात पुतणीने वर केला.

"त्या बाई खरंच असं म्हणाल्या होत्या का?"

लोक कौतुकाने हसले, लहान मुलीचा प्रश्न म्हणून. हो म्हणावं तर वहिनीचा घात, नाही म्हणावं तर पोरीशी खोटं. तिने तिसरा मार्ग शोधला, आणि तो मिळाला नाही.

"नाही," ती म्हणाली. "मी रचलंय ते."

मुलीने हात खाली घेतला नाही. "मग आत्या," तिने विचारलं, "तू तिला इतकं वाईट का केलंस?"

आता कोणी हसलं नाही. मास्तरांनी खाकरून दुसरा प्रश्न मागवला. पुतणी झगा सावरत उठली आणि आईच्या मागे निघून गेली.

चार दिवस वहिनीने फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी ती स्थानकावर आली आणि खोपटाच्या दारात उभी राहिली. सूचनाबाईने ध्वनिक्षेपकाचं बटण बंद आहे ना, ते दोनदा पाहिलं.

"वहिनी, माझं चुकलं. मी..."

"थांब. मी बोलायला आलेय." वहिनीचा आवाज सपाट होता. "पोरीने घरी येऊन विचारलं. मी तिला सांगितलं, हो, म्हटलं होतं मी. तुझ्यासारखं खोटं नाही बोलता आलं मला. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवायलासुद्धा शेजारी बसली नाही."

"मी तिला समजावते."

"तू काय समजावणार? तुला तरी काय माहिती आहे?" वहिनी पहिल्यांदाच चिडली. "मी काय म्हटलं ते तू लिहिलंस. त्याच्या आधी तो मला काय म्हणाला, ते एकदा तरी विचारलंस? चार वर्षांत? तुझा दादा तुझ्या नाटकात देवमाणूस. पानोपानी हसतोय, गाणी म्हणतोय. आणि मी कैदाशीण."

सूचनाबाईला खरोखरच हे कधी सुचलं नव्हतं. ते वाक्य ऐकलं त्या क्षणापासून तिने ते तोडून घेतलं होतं, त्याच्या मुळाला काय चिकटून आलंय ते पाहिलंच नव्हतं. एवढं नाटक लिहिलं, एवढी माणसं रडवली, आणि भांडणाचा अर्धा भागच तिच्याकडे होता.

"काय म्हणाला होता?" तिने हळूच विचारलं.

"आता विचारतेस?" वहिनी म्हणाली. "सांगितलं तर तेही लिहिशील."

बाराची गाडी लागली होती. लोक फलाटावर इकडेतिकडे बघत होते. वहिनी गर्दीतून वाट काढत निघून गेली, आणि गाडी सात मिनिटं उशिरा पुकारली गेली.

त्याच संध्याकाळी सूचनाबाईने मास्तरांकडे जाऊन नाटक मागे घेतलं. या वेळी तिने कारण सांगितलं, नावनिशीवार नाही, पण मास्तरांना कळावं इतकं. मास्तर आधी संतापले, मग खुर्चीत बसले.

"हे पुन्हा नाही जमणार तुला," ते म्हणाले. "मी शाप देत नाहीये. वयाने सांगतोय."

"माहितीये मला."

"पुन्हा लिही. दोघांची बाजू घालून लिही. मंडळ वर्षभर थांबेल. त्यासाठीच तर मंडळ आहे."

"दुसरी बाजू माझ्याकडे नाहीये, मास्तर. आणि आता ती मला कोणी देणार नाही."

मास्तरांनी संहिता परत दिली. त्या वर्षी डॉक्टरांचा फार्स लागला, तिन्ही प्रयोग हाऊसफुल्ल झाले.

नाटक मागे घेतल्याचं सांगायला ती वहिनीकडे गेली. थोडं तरी हलकं वाटेल, अशी आशा तिला होती. दार पुतणीने उघडलं आणि न बोलता आत गेली. वहिनी यंत्रावर होती.

"वहिनी, मी मागे घेतलं. आता ते कधीच होणार नाही."

वहिनीने पाय थांबवला नाही. "मी म्हटलं होतं का मागे घे म्हणून?"

"नाही, पण..."

"मग ते तू तुझ्यासाठी केलंस. माझ्या नावावर लावू नकोस." तिने कापड फिरवलं. "ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलं. लाँड्रीत कपडे टाकायला गेले की त्या काकू माझ्याशी हल्ली फार गोड बोलतात."

"मग मी काय करू? तुम्ही सांगाल ते करते."

"मला नको विचारू."

सूचनाबाई तशीच उभी राहिली. बस असं कोणी म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. आतल्या खोलीतून पुतणीने हाक मारली, "आई, माझी वही कुठेय?" वहिनी म्हणाली, "खिडकीत बघ." मायलेकी पुन्हा बोलत होत्या. सूचनाबाईला त्या घरात त्या दिवशी मिळालेली चांगली गोष्ट तेवढीच.

पाऊण तास ती उभी होती. मग दोऱ्याचं रीळ संपलं, वहिनी नवं काढायला उठली, आणि पाठमोरीच म्हणाली, "दार ओढून घे जाताना."

तिने दार ओढून घेतलं. पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली, आणि त्याच्या पुढच्याही. वहिनीने एकदाही तिला आत ये म्हटलं नाही आणि एकदाही दार लावलं नाही. चार वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारण्याचा हक्क आपण गमावलाय, हे सूचनाबाईला कळलं होतं. तरी ती जात राहिली, भिंतीला टेकून उभी राहत राहिली, आणि कागद-पेन्सिल मात्र तिने कधी बरोबर नेली नाही.