बाबांच्या मचव्याचा नंबर

नवा फोन घेतला तेव्हा मोनाने कारखान्यात जेवायच्या सुट्टीत सगळ्यांना दाखवला. "माझ्या अंगठ्याशिवाय उघडत नाही. हेडलीने डोकं आपटलं तरी नाही."

हेडली तिचा नवरा. मोना माझी धाकटी बहीण. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर आम्ही दोघी एकाच कारखान्यात खेकडे सोलतो.

"आणि कोड?" मी विचारलं.

"तो काय, नावापुरता. बाबांच्या मचव्याचा नंबर टाकलाय."

मी कपाळाला हात लावला. आमच्या बंदरात निम्म्या लोकांचे कोड असलेच. बाप जातो, मचवा काठावर कुजतो, पण नंबर काही डोक्यातून जात नाही.

"अगं बये, तो हातभर आकड्यांत रंगवलाय मचव्यावर. येणारा-जाणारा वाचतो. बदल आधी."

"बदलते गं. दुसरा लक्षात राहत नाही मला."

मग खेकड्यांचा हंगाम लागला. खारं पाणी, बर्फ आणि कवचांची धार यांनी आमच्या बोटांवरच्या रेषा पार झिजतात. फोन मोनाचा अंगठा ओळखेना. ती सगळ्यांदेखत नंबर दाबू लागली. पुढच्या दाराला भारी कुलूप आणि मागचं सताड उघडं, असला हा शहाणपणा.

त्याच हंगामात तिने घर सोडायचं ठरवलं. का, ते मी सांगत बसत नाही. तिचं मनगट ज्यांनी पाहिलं त्यांना ठाऊक आहे. सेंट जॉन्सला अशा बायकांसाठी एक आसरा आहे. त्याचा पत्ता, जायचा दिवस, सगळं तिच्या फोनवर आलं होतं. शुक्रवारी हेडली समुद्रावर गेला की मी तिला गाडीत घ्यायचं, शाळेतून तिच्या लेकीला, किटला, उचलायचं आणि सुटायचं.

गुरुवारी संध्याकाळी मोना आंघोळीला गेली. फोन स्वयंपाकघरात राहिला. हेडलीने आधी स्वतःच्या मचव्याचा नंबर दाबून पाहिला. तो लागला नाही याचाच त्याला जास्त राग आला. मेल्याने हे नंतर मला हसत हसत सांगितलं. मग त्याने सासऱ्याचा दाबला. वाचून फोन होता तिथे ठेवला, आणि जेवताना तिला आणखी बटाटे वाढले.

शुक्रवारी आम्ही शाळेत पोचलो.

"किट?" बाई म्हणाल्या. "तिला तिचे बाबा सकाळीच घेऊन गेले की."

मोनाचा फोन थरथरला. फोटो होता. ट्रकमध्ये पुढच्या सीटवर पट्टा लावून बसलेली किट हसत होती. खाली लिहिलं होतं, 'आसऱ्याच्या दाराशी उभा आहे. ये सावकाश.'

"पोलिसांना फोन लाव," मी म्हणाले.

"काय सांगू? बाप पोरीला फिरायला घेऊन गेला?"

मी खूप बोलले. शिव्याही घातल्या. ती गाडीत बसून त्याला काहीतरी लिहीत होती.

"मी घरी येतेय म्हणून कळवलं," ती म्हणाली. "चल. ती दोघं पोचायच्या आत मला स्वयंपाक करून ठेवायला हवा."

मी गाडी घराकडे वळवली.