बाबांच्या वडिलांची गोष्ट

आमच्या विधी महाविद्यालयात एक खूळ आहे. सत्राच्या पहिल्या दिवशी प्रत्येक प्राध्यापकाने मंचावर जाऊन आपण कायद्याकडे का वळलो ते सांगायचं. यंदा मीही इथे नव्यानेच शिकवायला लागले होते, म्हणून आजोबांना गुपचूप आणून शेवटच्या रांगेत माझ्याजवळ बसवलं. बाबांना पत्ताच नव्हता. ते इथे कित्येक वर्षं पुराव्याचा कायदा शिकवतात. मी शिकले दुसरीकडे, त्यामुळे त्यांची गोष्ट कधी कानावर आली नव्हती.

माझ्या आधी त्यांचा नंबर होता. त्यांनी घसा खाकरला.

"माझे वडील न केलेल्या चोरीसाठी तुरुंगात गेले आणि तिथेच वारले. मी लहान होतो. तेव्हाच ठरवलं, वकील व्हायचं."

मी चाट पडले. मेलेला माणूस माझ्या शेजारी बसून खोकल्याची गोळी चघळत होता. आणि चोरी कसली डोंबलाची? आजोबा जन्मभर तुरुंगात शिपाई होते, कोठड्यांना कुलपं लावायचे. बाबा तिथल्याच क्वार्टरमध्ये वाढले. कैद्यांसाठी भांडणाऱ्या प्राध्यापकाला शिपायाचा मुलगा म्हणवून घ्यायची लाज वाटली असणार, दुसरं काय. वर्गात ऐकीव पुरावा चालत नाही म्हणून पोरांना झोडपणारा माणूस हा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पोरं डोळे पुसत होती. प्राचार्य म्हणाले, "सरांच्या वडिलांसाठी एक मिनिट उभे राहू या."

सगळं सभागृह उठलं. आजोबाही उठले. माझ्या खांद्याचा आधार घेऊन, मान खाली घालून उभे राहिले, स्वतःसाठीच.

"आजोबा, तुम्ही बसा हो," मी पुटपुटले.

"असू दे. त्याची नोकरी आहे इथे. तूही काही बोलू नकोस."

मग मला बोलावलं. गप्प बसले तर बाबांची अब्रू वाचणार होती आणि आजोबा कायमचे मेलेले राहणार होते. मला ते सहन होईना.

"माझे आजोबा तुरुंगात शिपाई होते," मी माइकवर म्हणाले. "ते शेवटच्या रांगेत बसलेत. यांचे वडील."

बाबा पांढरेफटक पडले. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. प्राचार्यांनी चाचरत विचारलं, "आजोबा, तुम्हीच का?"

आजोबा पुन्हा उठले. बाबांकडे बघत म्हणाले, "नाही साहेब. मी यांना ओळखत नाही. दार उघडं दिसलं म्हणून आत येऊन बसलो."