पाणपिसवांचं पथ्य

साहेबांना डॉक्टरांनी गोड बंद केलं आणि साहेबांनी ते सगळ्या इमारतीला बंद केलं. एकट्याने पथ्य पाळावं एवढा त्यांचा स्वतःवर विश्वास नव्हता. "साखर डोळ्यांसमोर दिसता कामा नये," असा हुकूम सुटला, आणि तळ्याकाठच्या त्या संशोधन केंद्रात सगळे बिनसाखरेचा चहा पिऊन साहेबांच्या तब्येतीला हातभार लावू लागले. मागे शिव्या देणारे समोर "आता सवयच झाली, साहेब," म्हणत.

भिंगबाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांचा जन्म मायक्रोस्कोपला डोळा लावण्यात चालला होता. तळ्याच्या पाण्यात तरंगणारे बारीक जीव, पुस्तकात ज्यांना प्राणिप्लवक म्हणतात, ते मोजायचे हे त्यांचं काम. त्यातल्या पाणपिसवांवर त्यांची विशेष माया. पाणपिसूच्या पाठीवर काचेसारखी आरपार पिशवी असते. तिच्यात अंडी किती, यावरून तळं पोटभर आहे की उपाशी ते कळतं. नावाडी बारीक जाळीने पिसवा धरून आणी, जीव कुजू नयेत म्हणून औषधाच्या बाटलीत घाली, आणि भिंगबाई मोजत. नोकरी कंत्राटावरची. कायम नेमणुकीचा शब्द दरवर्षी मिळे, नेमणूक मिळत नसे.

त्या उन्हाळ्यात पिशव्या रिकाम्या निघाल्या. बाटलीमागून बाटली, सगळ्या पिसवा वांझ. तळ्यात नवं म्हणावं तर एवढंच, की भिंगबाईंच्या सख्ख्या भावाने, दादाने, नोकरीला रामराम ठोकून मासे वाढवायचे पिंजरे सोडले होते. साहेबांनी दोन्हींची सांगड घातली: पिंजऱ्यांतली घाण, म्हणून पिसवा वांझ. भिंगबाईंनी आकड्यांखाली सही केली. दादा कडाकडा भांडला, वहिनीने बोलणं टाकलं. केंद्रात मात्र "सख्ख्या भावाचीही भीड धरली नाही!" अशी वाहवा झाली. ती भिंगबाईंना आवडली, खोटं कशाला बोला. इमारतीत गोड म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

पिंजरे उचलायचा हुकूम निघायच्या बेतात होता, तेव्हा नावाडी चहाचा कप घेऊन मायक्रोस्कोपशेजारी टेकला.

"जहर आहे नुसतं," तो तोंड वाकडं करत म्हणाला. "आपलं ठीक आहे हो बाई, पण त्या पिसवांनी साहेबांचं काय घोडं मारलंय?"

"म्हणजे?"

"पिसवांच्या बाटलीतल्या औषधातली साखरपण बंद केली ना मी. हुकूम म्हणजे हुकूम. डबाच उचलून घरी पोचवला."

"कोणाच्या घरी?"

"आता ते जाऊ द्या."

भिंगबाईंनी कप बाजूला ठेवला. नुसत्या औषधात पिसू फुगते, पिशवी उघडते आणि अंडी बाहेर सांडतात. ती सांडू नयेत म्हणून तर साखर घालायची. त्यांनी एक बाटली घेतली आणि तळचा गाळ भिंगाखाली धरला. अंडीच अंडी. उन्हाळाभर ती दिसत होती. पण मोजायची ती पिशवीतली, सुटं ते सगळं कचरा, असा नियम. म्हणून त्यांनी दर वेळी नजर पुढे सरकवली होती.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, अहवाल वर गेला."

"दुरुस्ती पाठवू, सर. पिसवा चांगल्या आहेत. पिंजऱ्यांचा काही दोष नाही."

"पाठवा की. काय लिहाल? केंद्रप्रमुखांचं पथ्य पिसवांनी पाळलं?" स्वतःच्या विनोदावर ते मनापासून हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि खाली सही कोणाची? पिंजरेवाल्याच्या बहिणीची. काल ज्यांनी तुमची वाहवा केली, ते उद्या काय म्हणतील? तुमच्या नेमणुकीचा कागदही त्याच टेबलावर आहे हं."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. साहेबांची हातोटीच ती.

त्या संध्याकाळी भिंगबाई सगळं सांगायचं ठरवून दादाकडे गेल्या. अंगणात जाळ्यांचे ढीग पडले होते. हुकमाची वाट न बघता त्याने पिंजरे सोडवायला घेतले होते.

"ये गं, दारात काय उभी राहिलीस," तो म्हणाला. "चुकलं माझं. उगाच तोंड टाकलं तुझ्यावर. तुझ्या वहिनीलाही तेच सांगितलं, म्हटलं, दुसऱ्या कोणी मोजलं असतं तर कोर्टात खेचलं असतं. पण ती मोजते म्हणजे मोजते. लहानपणी गोळ्या वाटताना कधी स्वतःला एक जास्त घेतली नाही तिने."

वहिनीने मुकाट चहा आणून ठेवला. चांगला गोडमिट्ट. भिंगबाई तो फार सावकाश प्यायल्या. तोंडात घोट असला की बोलावं लागत नाही. कप संपला, तशा त्या उठल्या.

पुढच्या मोसमाला साखरेचा नवा डबा त्यांनी स्वतः आणला आणि औषधाच्या खोलीत, साहेबांच्या नजरेला पडणार नाही असा ठेवला. पिशव्या टच्च भरलेल्या निघाल्या. साहेबांनी लिहिलं: पिंजरे हटताच तळं सावरलं. भिंगबाईंनी सही केली. आता त्या कायम झाल्या होत्या. बातमी पेपरात आली, फोटोसकट.

दादा तेव्हा बाजारात दुसऱ्याच्या गाळ्यावर मासे कापत होता. बहीण दिसताच त्याने कोयता खाली ठेवला आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "ही बघा माझी बहीण. माझ्या पिंजऱ्यांनी तळं मारलं होतं, हिने वाचवलं."

मग त्याने एक मासळी निवडून कागदात गुंडाळली आणि तिच्यापुढे धरली.

"गाबोळीने भरलेली आहे बघ. अंडीच अंडी."

भिंगबाईंनी न बघताच ती पिशवीत टाकली.