लेवोनचं पाणी

टेक्ससमधल्या आमच्या प्लेनोत कोणी चालत नाही. चालतात ते फक्त भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील. संध्याकाळी ऊन जरा उतरलं की एकेका घरातून साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज घातलेल्या काकू आणि हात मागे बांधलेले काका बाहेर पडतात. फुटपाथवर त्यांचंच राज्य. बाकी सगळी वस्ती गाडीतून जाते, आणि शेजाऱ्याला हात दाखवायचा तर काचेआडून दाखवते.

आमच्या सासूबाई पुण्याहून २००६च्या एप्रिलमध्ये आल्या आणि चौथ्याच दिवशी चुकल्या. त्यात त्यांचा दोष नाही. आमच्या कॉलनीत सगळी घरं एकाच विटांची, एकाच उताराच्या छपरांची, आणि प्रत्येक रस्त्याच्या नावात कुठे ना कुठे 'मेडो' आहेच. मी आणि नवरा नकुल दोन बाजूंनी गाड्या घेऊन निघालो. मला त्या सापडल्या चार गल्ल्या सोडून, एका घरापुढच्या हिरवळीच्या कडेला. फुटपाथला लागून कमरेपेक्षा थोडा कमी उंच दगड होता, त्याच्या माथ्यातून पाण्याची बारीक धार उसळत होती, आणि आई वाकून ओंजळीने पाणी पीत होत्या. शेजारी खुर्चीवर पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा अत्यंत समाधानाने त्यांच्याकडे बघत बसला होता.

"आई, अहो कुणाचंही पाणी काय पिता!" मी गाडीतूनच ओरडले.

"कुणाचंही नाही," आई तोंड पुसत म्हणाल्या. "यांचं आहे. आणि आता मला रस्ता समजला. या पाण्यावरून डावीकडे वळायचं."

म्हाताऱ्याचं नाव गार्निक. आर्मेनियातल्या एका डोंगराळ गावात भूगोलाचे मास्तर होते, आता मुलीकडे राहायला आले होते. मुलगी शुशान इथल्या एका टेलिकॉम कंपनीत इंजिनिअर. त्यांना आर्मेनियन आणि रशियन येत होतं, इंग्रजी बेताचं. आईंना मराठी, आणि इंग्रजी त्याहून बेताचं. तरीही दुसऱ्या दिवसापासून आईंच्या बोलण्यात "आमचे गार्निकराव" सुरू झालं.

इथे मला असोसिएशनबद्दल सांगायला हवं. आमच्या कॉलनीची असोसिएशन म्हणजे पुण्यातल्या सोसायटीसारखीच, फक्त भांडणं इंग्रजीतून होतात. आम्ही घर घेतलं तेव्हा मी पुढच्या अंगणात तुळशीवृंदावन ठेवलं होतं. लगेच नोटीस आली, तीन फुटांपेक्षा उंच वस्तू पुढच्या बाजूला चालत नाही. वृंदावन मागच्या पॅटिओत गेलं आणि मी रागाच्या भरात असोसिएशनच्या कमिटीला उभी राहिले. निवडूनही आले, कारण दुसरं कोणी उभंच नव्हतं. तेव्हापासून नियम मला तोंडपाठ आहेत. नकुल म्हणतो, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या."

जूनमध्ये गार्निकांविरुद्ध तक्रार आली. त्या वर्षी पाऊस नव्हता, तलाव आटले होते, हिरवळीला पाणी घालायचे दिवसही ठरवून दिले होते. आणि या घरापुढे पाणी रात्रंदिवस वाहतंय! कमिटीत आम्ही तिघं. बाकी दोघांनी निरोप द्यायचं काम माझ्यावर ढकललं, कारण म्हणे मी "तिकडची" आहे. कुठे आर्मेनिया, कुठे माझं माहेरचं नागपूर! पण गेले. खरं सांगायचं तर मनात हेही होतं, की माझ्या तुळशीला मागे जावं लागलं, तर यांच्या दगडाचे काय लाड?

गार्निकांनी नोटीस टेबलावर ठेवली, तिच्यावर कॉफीचा कप ठेवला आणि मला बसवून घेतलं.

"हे पुलपुलाक आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे माणूस गेला की घरचे त्याच्या नावाने रस्त्यावर पाणी बांधतात. येणारा-जाणारा पितो आणि त्याचं नाव घेतो. म्हणतो, देव त्याला उजेडात ठेवो."

"कोणाच्या नावाचं आहे?"

"लेवोनच्या. माझा मुलगा."

मग ते गावाबद्दल बोलायला लागले. त्यांचं तोडकंमोडकं इंग्रजी गावाबद्दल बोलताना आपोआप सरळ झालं. टेकडीवर काळ्या दगडाचं चर्च, हजार वर्षांचं. खाली ओढ्यावर एका कमानीचा पूल. पुलापलीकडच्या शेतांत उभे केलेले दगड, त्यांच्यावर विणकाम करावं तसे कोरलेले क्रूस. त्यांना खाचकार म्हणतात. आपल्याकडे वेशीवर वीरगळ असतात ना, मला तेच आठवले. गाईगुरं त्यांना अंग घासतात, आणि कोणी त्यांना हाकलत नाही.

"गाव चर्चइतकंच जुनं?"

"गाव आधीचं. लोक आधी पाण्याला येतात, मग देवाला." त्यांनी बोटांवर झरे मोजले. "सातेनिकचं पाणी, नुबारचं पाणी, आंधळ्या मुकुचचं पाणी. आमच्याकडे रस्त्यांना नावं नाहीत. सातेनिकच्या पाण्याशी डावीकडे वळायचं, मुकुचच्या पाण्यावरून चढलं की चर्च."

"सातेनिक कोण?"

"कोणाला माहीत! मी शाळेच्या मुलांना घेऊन खूप शोधलं. दगडावरची अक्षरंसुद्धा पुसून गेलीत. पण आज सकाळीही कोणीतरी तिचं नाव घेतलं असेल." मग ते चर्चवर आले. "मंगोल आले, इराणचे शाह आले. चर्चचं छप्पर दोनदा पडलं, दोनदा बांधलं. सोव्हिएत काळात आत बटाट्यांची पोती होती. अठ्ठ्याऐंशीच्या भूकंपात घुमट गेला. लेवोनही त्यातच. शहरात कारखान्यात होता, चोवीस वर्षांचा."

त्यांनी कपात आणखी थोडी कॉफी ओतली.

"गावात त्याच्या नावाचं पाणी मी बांधलं होतं. पण भूकंपानंतर आमच्या बाजूची घरं रिकामी होत गेली. गेल्या वर्षी शेजारीही मुलाकडे रशियाला गेला. पाणी वाहतंय, पण त्या वाटेला आता कोणी नाही. नाव कोण घेणार? म्हणून इथे बांधलं." मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून गेली नाही. "आमच्याकडे म्हणतात, पाणी आलं म्हणजे झरा बांधून होत नाही. ज्याने त्या माणसाला कधी पाहिलं नाही, असा परका त्याच्या नावाने वाट विचारतो, तेव्हा झरा बांधून होतो. गावातल्या झऱ्याला तेवढा वेळ मिळाला नाही."

बाहेर आले तेव्हा मी तो दगड पहिल्यांदा नीट पाहिला. क्रूस त्यांनी स्वतःच कोरला होता. मास्तरांचं कोरीवकाम, थोडं वाकडं. खाली त्यांच्या लिपीत काही अक्षरं, आणि शेजारी इंग्रजीत, शिकवणीच्या फळ्यावर लिहावं तसं ठसठशीत, 'लेवोन'.

कमिटीच्या बैठकीत मी भांडले. दाबल्यावरच पाणी येईल असा नळ बसवू, म्हटलं. दगड तीन फुटांच्या आत आहे, म्हटलं. अध्यक्ष शांतपणे म्हणाले की दगडाला हरकत नाही, पण घरापुढे पिण्याच्या पाण्याची सोय हा प्रकारच नियमांत बसत नाही, आणि या दुष्काळात तर नाहीच. दोन विरुद्ध एक. तुळस हरली तेव्हा मला राग आला होता. या वेळी वाईट वाटलं. त्यापेक्षा राग परवडला.

शुशानने स्प्रिंकलरच्या पाइपाचा जोड बंद करून घेतला. गार्निकांनी खुर्ची आत नेली आणि ते बाहेर दिसेनासे झाले.

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून आले, तर आई गॅरेजमध्ये स्टुलावर चढून वरच्या फळीवरून काहीतरी ओढत होत्या.

"आई, पडाल! काय हवंय?"

"ते तुमचं पिकनिकचं पिंप."

पिंप म्हणजे मंडळाच्या गणपतीत आणि पिकनिकला नेतो तो केशरी प्लास्टिकचा कूलर, खाली तोटी असलेला.

"अगं आश्लेषा," आई म्हणाल्या, "हे गेल्यापासून दर अक्षय्य तृतीयेला मी त्यांच्या नावाने पाण्याचा घडा देते. यंदा इथे आले आणि राहिला. कोणाला देणार होते, तुमच्या डिशवॉशरला? त्या माणसाचंही पाणी बंद केलंत तुम्ही. पाणी वाहायलाच हवं असं कुठे आहे? आपल्याकडे पाणपोईत रांजणच असतो ना? कोणीतरी बसतं आणि देतं."

मी निमूटपणे कूलर उतरवून दिला. बर्फ घातला, पाणी भरलं आणि गाडीतून त्यांच्या दारात नेला. आमची दहा वर्षांची इला भाषांतराला बरोबर होती, पण तिची गरजच पडली नाही. आई मराठीत बोलत होत्या, गार्निक आर्मेनियनमध्ये. त्यांनी कूलरला बोट लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"प्लास्टिक!"

"प्लास्टिक तर प्लास्टिक," आई म्हणाल्या. "आतलं पाणी आहे ना?" आणि त्यांनी तोटीखाली स्टीलचं फुलपात्र धरून भरलं, प्यायल्या, आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "लेवोन."

गार्निकांनी पाठ फिरवली. थोड्या वेळाने आतून खुर्ची घेऊन आले.

"आजी, ही इज क्रायिंग," इला कुजबुजली.

"रडू दे. तू गप्प बस."

त्यानंतर रोज संध्याकाळी दगडावर तो केशरी कूलर आणि शेजारी गार्निक. आईंनी आपल्या फिरणाऱ्या मंडळींना सांगून ठेवलं होतं, "पाणी प्यायलात ना, मग नाव घ्या त्याचं." कोणी पुण्याचे, कोणी तेनालीचे, कोणी लुधियानाचे. सगळे प्यायचे आणि नाव घ्यायचे, काही जणी हातही जोडायच्या. अध्यक्षांचा मला फोन आलाच. मी म्हटलं, तात्पुरती वस्तू अंधार पडायच्या आत उचलली तर चालते, आणि घरासमोरून जाणाऱ्या पाहुण्याला पाणी देऊ नये असं कलम असेल तर दाखवा. ते शोधतो म्हणाले. अजून शोधत असतील.

ऑक्टोबरमध्ये आई परत गेल्या. निघायच्या दिवशी त्या पाण्यावर जाऊन आल्या. काय बोलणं झालं ते विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांनी त्यांचं सांगितलं, मी माझं."

हिवाळ्यात फिरणारे नव्हते. गार्निक कोट घालून बसायचे, कूलर भरलेला. मला काळजी वाटायची. येणारे सगळे सहा महिन्यांचे पाहुणे. आई गेल्या, तेनालीचे गेले, लुधियानाचे गेले. उन्हाळ्यात पुन्हा नवे येतील, त्यांना कोण सांगणार? मी ऑफिसला जाताना कधी थांबून प्यायचे, पण मी त्यांच्या ओळखीतली. मी लेवोनचं नाव घेतलेलं त्यांच्या हिशेबात धरलं जात नव्हतं, हे मला कळत होतं.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मी घरी येत होते. आमच्या वळणाच्या बऱ्याच अलीकडे, कोपऱ्यावर एक बाई उभ्या होत्या. नवी कोरी पांढरी शूजची जोडी, हातात रुमाल, चेहरा रडवेला. मी गाडी थांबवली.

"काकू, मराठी ना? कुठे जायचंय?"

"बाई गं, देवासारखी भेटलीस! कालच आले नाशिकहून, लेकीकडे, सीमाकडे. फिरायला निघाले नि सगळी घरं सारखीच! नंबरही पाठ नाही." त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "सीमाच्या शेजारणीने मात्र सांगितलं होतं, चुकलात तर कोणालाही विचारा, लेवोनचं पाणी कुठे. तिथून डावीकडे तिसरं घर. कुठे आहे गं ते, लेवोनचं पाणी?"

सीमा मला माहीत नव्हती. शेजारीण कोण, तेही माहीत नव्हतं.

"बसा," मी म्हटलं. "दाखवते."

गार्निक खुर्चीत होते. मी काकूंना उतरवलं आणि म्हटलं, "मला विचारलंत ना, तेच यांना विचारा. मराठीतच विचारा."

काकूंनी आधी माझ्याकडे, मग त्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं. "अहो, लेवोनचं पाणी हेच का?"

त्यातला एकच शब्द त्यांना कळला. ते उठून उभे राहिले. फुलपात्र तोटीखाली धरलं, पण तोटी उघडायचीच विसरले, तेव्हा काकूंनीच ते घेतलं आणि स्वतः भरून प्यायल्या. "गार आहे हो," म्हणाल्या, आणि डावीकडे बोट दाखवत भुवया उंचावल्या. गार्निकांनी मान हलवली. काकू निघाल्या.

त्या वळणाआड जाईपर्यंत ते बघत होते.

"ही कोण?" त्यांनी मला विचारलं.

"माहीत नाही."

"तिला माहीत आहे, लेवोन कोण ते?"

"नाही."

गार्निक खाली बसले. बाजूच्या दगडावर, त्या वाकड्या क्रुसावर त्यांनी हात ठेवला.

"झाला," ते म्हणाले. "बांधून झाला."